उमेदवारीच्या अर्जामागचे बाबासाहेब

ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली की धाराशिव जिल्ह्यातील तहसील कार्यालयांत धावपळ सुरू होते. कुणी मतदार यादीतील आपल्या नावाचा उतारा काढत असतो, कुणी घरपट्टी आणि पाणीपट्टी थकलेली नसल्याचा दाखला आणतो, कुणी जातपडताळणीच्या प्रस्तावाची पोच सांभाळून ठेवतो. अर्ज, शपथपत्र, अनामत रक्कम, छाननी, माघार आणि चिन्हवाटप हे शब्द आता खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओळखीचे झाले आहेत. परंतु गावातल्या कोणत्याही माणसाने, त्याची जात, जमीन वा शिक्षण काहीही असो, गावाच्या कारभारात बसण्यासाठी स्वतःहून अर्ज करावा, ही कल्पनाच शंभर वर्षांपूर्वी वेडेपणाची ठरली असती. ती कायद्यात आणि व्यवहारात यावी यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव अग्रभागी आहे.

घटनेचे शिल्पकार, अस्पृश्यांचे उद्धारक, बौद्ध धम्माचे पुनरुज्जीवक या नात्यांनी बाबासाहेबांचे चरित्र सर्वांना परिचित आहे. मात्र निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क कुणाला असावा, या प्रश्नाचा त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे जो पाठपुरावा केला, त्या बाजूने हे चरित्र क्वचितच पाहिले जाते.

सारा भरणाऱ्यांचे राज्य

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव कोकणातले आंबडवे. बालपणीचे शिक्षण साताऱ्यात आणि पुढचे मुंबईत झाले. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडनला जाऊन ते परतले, तेव्हा त्यांच्याइतका शिकलेला माणूस देशात विरळाच होता. तरीही १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या या विद्वानाला केवळ जातीमुळे राहायला जागा मिळू शकली नाही. पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी स्थानिक स्वराज्य म्हणजे थोड्या प्रतिष्ठितांचा कारभार होता. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात नगरपालिका आणि लोकल बोर्डांचे कायदे झाले. सदस्यांपैकी काही सरकार नेमत असे आणि काही निवडून येत. निवडणाऱ्यांची आणि निवडून येणाऱ्यांची पात्रता मात्र मालमत्ता, कर किंवा शेतसारा यांवर ठरे. १९१९ च्या सुधारणांनंतरही प्रांतिक कौन्सिलच्या ग्रामीण मतदारसंघांत बहुतेक जिल्ह्यांमध्ये ३२ रुपये शेतसारा भरणाऱ्यालाच मत होते. ज्याच्या नावावर शेतच नाही, त्याला मत नाही. ज्याला मत नाही, त्याला उमेदवारी कुठली?

मताधिकाराची चौकशी करण्यासाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साक्ष दिली. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा होता, की अस्पृश्यांचे प्रश्न अस्पृश्यांनीच मांडले पाहिजेत. इतरांनी त्यांच्या वतीने बोलणे पुरेसे नाही. मालमत्तेची अट सर्वांना सारखीच लावली तर ती वरवर समान दिसते. परंतु जातीमुळे ज्यांना मालमत्ता मिळवण्याची संधीच नाकारली गेली, त्यांच्यावर ती दुहेरी अन्याय करते. म्हणून त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणण्याची, तसेच स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी केली. सरकारने दिले ते नेमणुकीचे प्रतिनिधित्व. १९२६ च्या अखेरीस खुद्द बाबासाहेबांचीही मुंबई कौन्सिलवर अशीच सरकारनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली. त्या जागेचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. पण नेमलेला प्रतिनिधी नेमणाऱ्याला बांधलेला असतो, हे ते विसरले नाहीत.

महाडच्या नगरपालिकेचा धडा

गावकारभाराच्या खुर्चीत कोण बसतो याला किती महत्त्व आहे, हे महाडने दाखवून दिले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सारे काही झाले. प्रत्यक्षात तळ्याला हात लावण्याची कुणाची छाती होईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या सहकाऱ्यांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली. ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द करून टाकला.

ठराव करणारे आणि मोडणारे सभागृह एकच होते. ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता, त्यांची मते त्या सभागृहाच्या निर्णयाला वळण देण्याइतकी नव्हती. हा वाद न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडावे लागले. सवर्णांपैकी सुधारकांच्या सदिच्छेने मिळालेला हक्क एका बैठकीत काढून घेता येतो. तो टिकवायचा तर निर्णयाच्या जागी आपला माणूस हवा, हा महाडचा राजकीय धडा होता.

सायमन कमिशनच्या कामासाठी मुंबई कौन्सिलने नेमलेल्या समितीत बाबासाहेब होते. इतर सदस्यांशी त्यांचे पटले नाही आणि मे १९२९ मध्ये त्यांनी आपला वेगळा अहवाल सादर केला. त्यात त्यांनी प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला. निरक्षर माणसाला मत देऊ नये, हा त्या काळच्या सुशिक्षितांचा आवडता युक्तिवाद होता. साक्षरता आणि शहाणपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्यांना शाळेबाहेर ठेवले त्यांच्याच निरक्षरतेचे भांडवल करून त्यांना मताधिकारही नाकारणे अन्यायाचे आहे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती.

पुणे करार आणि ग्रामपंचायत

१९३२ हे वर्ष या कथेतील कळीचे वर्ष होय. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, महात्मा गांधींनी येरवडा कारागृहात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत राखीव असलेल्या १४८ जागांची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. त्याच करारातील दोन तरतुदी मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली तरतूद उमेदवार ठरवण्याची. राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनीच प्राथमिक निवडणुकीत चार जणांची निवड करायची आणि त्या चौघांतून संयुक्त मतदारांनी एक प्रतिनिधी निवडायचा, अशी ती योजना होती. उमेदवार कोण असावा हे ठरवण्यात समाजाचा हात राहावा, हा तिचा हेतू. दुसरी तरतूद थेट स्थानिक संस्थांविषयीची. अस्पृश्य असल्याच्या कारणावरून कुणालाही स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत अपात्र मानले जाणार नाही आणि तेथे त्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे यासाठी सर्व प्रयत्न केले जातील, असे त्यात नमूद होते.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच या वचनाची कसोटी लागली. ऑक्टोबर १९३२ च्या पहिल्या आठवड्यात मुंबई कौन्सिलपुढे ग्रामपंचायतींचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. राखीव प्रतिनिधित्व नसेल तर ग्रामपंचायत म्हणजे गावातील बहुसंख्याकांच्या हाती दिलेले नवे हत्यार ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. सर्व प्रौढांना मत द्या म्हणजे प्रश्न सुटेल, या सूचनेलाही त्यांनी सप्रमाण उत्तर दिले. प्रौढ मताधिकाराचे ते स्वतः खंदे पुरस्कर्ते होते. पण प्रत्येक गावात अस्पृश्यांची घरे मूठभरच असतात, त्यामुळे मताधिकार असूनही त्यांचा उमेदवार निवडून येणे अशक्य आहे, हे त्यांनी दाखवून दिले. पंचायतींकडे न्यायदानाचे अधिकार सोपवण्यासही त्यांचा आक्षेप होता. गावातल्या तंट्यात जो पक्षकार आहे, त्यालाच न्यायाधीश कसे करायचे, असा हा सवाल होता.

तडवळ्याची परिषद

धाराशिव जिल्ह्याचा या चरित्राशी संबंध येतो तो १९४१ मध्ये. हा जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारच्या बार्शीत इंग्रजी अंमल होता आणि तेथे कौन्सिल, लोकल बोर्ड, निवडणुका हे शब्द रुळले होते. संस्थानातील सामान्य गावकऱ्याला मात्र राज्यकारभारात मत नव्हते. अशा मुलखात कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. गावातील शाळेत त्यांचा मुक्काम होता. ती आठवण गावाने पुढील पिढ्यांतही जपली.

परिषद वतनाची होती, निवडणुकीची नव्हती. तरीही उमेदवारीच्या प्रश्नाचे मूळ तिच्यातच सापडते. वतन म्हणजे गावाची पिढीजात चाकरी. सांगावे पोचवणे, वेशीची राखण, सरकारी अंमलदारांची सरबराई, मेलेली जनावरे ओढून नेणे, अशी कामे रात्री-अपरात्री करायची. मोबदल्यात जमिनीचा तुकडा, सुगीत बलुते आणि घरोघरची भाकरी. वतनदार म्हणून मिरवावे असे त्यात काही नव्हते. उलट अवघ्या गावाचे मिंधेपण तेवढे होते. मुंबई इलाख्यातील वंशपरंपरागत हुद्द्यांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच विधेयक मांडले होते. परंतु ते तडीस गेले नाही.

ज्याची चूल गावाच्या बलुत्यावर पेटते, तो गावातील पाटलाविरुद्ध उभा कसा राहणार? अर्ज भरायला कायद्याने मुभा दिली, तरी दुसऱ्या दिवशी बलुते बंद होईल ही भीती त्याचा हात धरते. उमेदवाराची पहिली पात्रता स्वातंत्र्य ही आहे आणि ती कोणत्याही अर्जात लिहिलेली नसते. वतनाविरुद्धचा लढा आणि राखीव जागांचा लढा ही म्हणूनच एकाच चळवळीची दोन अंगे होती. तडवळ्याच्या परिषदेचे महत्त्व या दृष्टीने पाहिले तर अधिक उमगते.

अर्जाची कायदेशीर चौकट

स्वतः बाबासाहेबांच्या वाट्याला उमेदवार म्हणून यश आणि अपयश दोन्ही आले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ मध्ये मुंबईतून ते विधानसभेवर निवडून आले. १९४६ मध्ये घटना समितीवर जाण्यासाठी त्यांना मुंबईतून वाट मिळाली नाही. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीने ती जागाही गेली, तेव्हा जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले आणि लवकरच मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

घटनेच्या मूळ मसुद्यात ग्रामपंचायतींचा उल्लेख नव्हता. नोव्हेंबर १९४८ मध्ये यावरून बाबासाहेबांवर टीका झाली. खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर आहे, राज्यघटनेचा घटक गाव नसून व्यक्ती असावी, हे त्यांचे मत प्रसिद्ध आहे. तरीही के. संथानम यांची पंचायतीविषयीची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली आणि ती आज घटनेचे ४० वे कलम आहे. प्रौढ मताधिकार मात्र घटनेत कोणत्याही अटीविना आला.

मतदार आणि उमेदवार यांच्या पात्रतेत बाबासाहेबांनी फरक केला, हेही येथे नोंदवले पाहिजे. मे १९४९ मध्ये घटना समितीत बोलताना त्यांनी असे मत मांडले, की कायदेमंडळात बसू इच्छिणाऱ्याकडे मतदारापेक्षा काही अधिक योग्यता, ज्ञान आणि व्यवहाराचा अनुभव असावा. लोकसभेसाठी वयाची अट मतदारापेक्षा अधिक, म्हणजे २५ वर्षे ठेवली गेली. वय वगळता अन्य अटी काय असाव्यात हे मात्र संसदेवर सोपवले गेले.

त्यानंतर कायदामंत्री या नात्याने १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा त्यांनीच संसदेत मांडून पार पाडला. नामनिर्देशन, छाननी, माघार, अपात्रता, अनामत हा सारा क्रम देशाच्या निवडणुकीत या कायद्याने रुजवला. लोकसभेसाठी ५०० रुपये अनामत ठेवताना अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी, २५० रुपये ठेवण्यात आली. गरिबीमुळे कुणाचा अर्ज अडू नये, ही १९१९ च्या साक्षीतील तळमळ बत्तीस वर्षांनी कायद्यात अशी उतरली.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच कायद्यानुसार झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले. राज्यसभेचे सदस्यत्व त्यांना १९५२ पासून लाभले होते. ऑगस्ट १९५५ मध्ये त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने कायदेमंडळांतील आणि स्थानिक संस्थांतीलही राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव केला. पुणे करारातील प्राथमिक निवडणूक मागे पडली होती. राखीव जागेवरचा उमेदवार आपल्या समाजापेक्षा मोठ्या पक्षांना अधिक जबाबदार राहतो, हा अनुभव त्यामागे होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

कागद आणि हिंमत

१९३२ मधील त्यांच्या मागणीला घटनात्मक रूप यायला साठ वर्षे लागली. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. उमेदवारीचे किमान वय २१ वर्षे ठरले. आज ग्रामपंचायतीच्या उमेदवाराचे नाव त्या गावच्या मतदार यादीत असावे लागते. पंचायतीची मागणी होऊनही थकवलेली बाकी, सरकारी जागेवरील अतिक्रमण, १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक झालेली अपत्ये, वापरात शौचालय नसणे, अशी अपात्रतेची कारणे कायद्यात आहेत. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी उत्तीर्ण असण्याची अट आहे. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. ते हाती नसेल तर अर्ज केल्याचा पुरावा जोडून निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत ते सादर करावे लागते, अन्यथा पद जाते. कागदपत्रांच्या या जंगलात सर्वाधिक ठेचकाळतो तो ज्याच्या घरात यापूर्वी कुणी तहसीलची पायरी चढलेले नाही असा उमेदवार. १९१९ मध्ये बाबासाहेबांनी मालमत्तेच्या अटीला लावलेली कसोटी या अटींनाही लावून पाहायला हवी. अट सर्वांना सारखी आहे एवढे पुरत नाही; ती पुरी करण्याची संधी सर्वांना सारखी आहे काय, हा प्रश्न उरतोच.

सर्व कागद पूर्ण असले, तरी अर्ज भरू दिला जाईलच असे नाही. तमिळनाडूतील पप्पापट्टी आणि कीरिपट्टी या गावांत सरपंचपद अनुसूचित जातीसाठी राखीव झाल्यावर १९९६ पासून दहा वर्षे तेथील प्रबळ समाजाने निवडणूक हाणून पाडली. खऱ्याखुऱ्या निवडणुकीला २००६ साल उजाडले. महाराष्ट्रात दडपणाचे रूप अनेकदा सौम्य असते. बिनविरोध निवडीचा आग्रह धरला जातो आणि गावाच्या एकोप्याच्या नावाखाली कुणाला तरी माघार घ्यायला लावली जाते. कधी तर पदाचा चक्क लिलाव होतो. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे असा लिलाव झाल्याचे उघडकीस आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणुकाच रद्द केल्या. एकोपा स्वागतार्हच आहे. परंतु तो कुणाच्या तरी हक्काची किंमत मोजून विकत घेतलेला असेल, तर त्यात आणि जुन्या गावगाड्यात फारसे अंतर उरत नाही.

अर्जाचा नमुना सरकार छापते, दाखले कार्यालये देतात, नियम आयोग सांगतो. तो अर्ज सर्वांसमक्ष टेबलावर ठेवण्याची हिंमत मात्र माणसाला स्वतःच आणावी लागते आणि ती त्याच्याजवळ राहील अशी व्यवस्था समाजाला उभी करावी लागते. बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे मागितले ते याच व्यवस्थेचे पहिले साधन आणि तडवळ्याला ते आले तेही तिच्याच आड येणारी एक बेडी तोडण्यासाठी. धाराशिवच्या एखाद्या वस्तीतली भूमिहीन मजुराची लेक जेव्हा सरपंचपदासाठी अर्ज दाखल करते आणि छाननीत तिचे नाव वैध ठरते, तेव्हा या दीर्घ लढ्याचे फळ तिच्या पदरात पडलेले असते. माघारीच्या मुदतीपर्यंत ते तिच्यापासून कुणी हिरावून घेणार नाही, एवढी खबरदारी घेणे आता गावाच्या हाती आहे.